मोबाईलच्या आधी रेल्वेचे ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड ड्यूटीवर कसे बोलावले जायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे आजोबा भुसावळला फायरमन होते. घरात फोन नव्हता, मालगाड्यांना वेळापत्रक नव्हतं. मग रात्री दोन वाजता आपल्याला निघायचंय हे त्यांना कळायचं कसं? आजी 'कॉल आला, कॉल आला' म्हणायची, तो कॉल म्हणजे नक्की काय? आणि कॉल चुकला तर काय व्हायचं?"

माझी बरीचशी नोकरी बुकिंगवर गेली, म्हणजे कुठल्या गाडीला कुठली माणसं ते लावून त्यांना बोलावण्याच्या कामावर. सुरुवातीला वाफेच्या शेवटच्या वर्षांत शेडच्या बुकिंग खिडकीवर, नंतर डिझेल-इलेक्ट्रिकच्या लॉबीत (ड्रायव्हर-गार्ड हजेरी लावतात ती जागा), आणि शेवटी काँप्युटरसमोर. त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देतो.

कॉल म्हणजे दारात येऊन उभा राहिलेला माणूस. त्याचं पद कॉल बॉय; चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी, वयाने पन्नाशीचासुद्धा असायचा. हातात बत्ती किंवा बॅटरी, काखेत कॉल बुक, आणि नशीब असेल तर बुडाखाली सायकल. तो दार वाजवणार, माणसाला प्रत्यक्ष उठवणार, गाडी कुठली आणि साइन ऑन (ड्यूटीवरची हजेरी) किती वाजता ते सांगणार, आणि वहीत वेळ घालून सही घेणार. ही सही झाली की 'कॉल सर्व्ह झाला'. सर्वसाधारण पद्धत ड्यूटीवर हजर होण्याच्या दोन तास आधी कॉल देण्याची. तेवढ्यात माणसाने उठायचं, आंघोळ करायची, डबा भरून घ्यायचा आणि शेड गाठायची.

आता हे सगळ्यांना लागू नव्हतं. मेल-एक्स्प्रेस आणि पॅसेंजरवाले 'लिंक'मध्ये असायचे. आज अमुक गाडी घेऊन जायची, तिकडे मुक्काम, उद्या तमुक गाडीने परत, असा चक्राकार तक्ता आधीच भिंतीवर लागलेला. त्यांना आपली ड्यूटी पाठ असायची. मुंबईच्या लोकलचे मोटरमन तर पूर्णपणे लिंकवर. यार्डातले शंटर पाळीवर. खरा प्रश्न मालगाडीच्या माणसांचा. मालगाडी भरली की सुटते. कोळशाचा रेक रिकामा व्हायला उशीर झाला, यार्डात डबे जुळले नाहीत, पुढच्या सेक्शनमध्ये गाड्या साचल्या, की सगळं पुढे ढकललं जातं. त्यामुळे मालगाडीच्या ड्रायव्हरचं नाव एका यादीत असायचं. जो आधी परत आला आणि ज्याची विश्रांती आधी पूर्ण झाली, तो वर. वरच्याला पहिली गाडी. ती दुपारी चारला लागेल की पहाटे चारला, हे त्याला माहीत नसायचं आणि आम्हालाही नसायचं.

एक रात्र डोळ्यासमोर आणा. डिव्हिजनच्या कंट्रोलमध्ये (गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या ऑफिसात) नागपूरकडे जाणारी एक डाऊन मालगाडी पहाटे साडेतीनसाठी 'ऑर्डर' झाली. कंट्रोलकडून इंजिनं लावून देणाऱ्या पॉवर कंट्रोलरला, त्याच्याकडून शेडच्या बुकिंगला फोन. साडेतीनला सुटायची तर इंजिन त्याआधी शेडमधून निघून यार्डात गाडीला लागलं पाहिजे. त्याआधी ड्रायव्हरने ते तपासून, तेल-पाणी बघून ताब्यात घेतलं पाहिजे. म्हणून साइन ऑन अडीच वाजता. म्हणून कॉल साडेबाराला. एकाच वेळी तीन माणसं उठवायची: ड्रायव्हर, पहिला फायरमन, दुसरा फायरमन. तिघे तीन चाळीत राहणारे. म्हणजे कॉल बॉय बाराच्या सुमारास शेडमधून निघाला पाहिजे. आणि तिकडे स्टेशनच्या बाजूने गार्डाला वेगळा कॉल, कारण गार्ड ट्रॅफिक खात्याचा आणि ड्रायव्हर लोको खात्याचा. दोन खात्यांचे दोन कॉल बॉय, दोन वह्या. ड्रायव्हर हजर, इंजिन फुसफुसतंय आणि गार्डाचा पत्ता नाही, किंवा याच्या उलट, हे प्रकार व्हायचेच. मग गाडी का लेट झाली याच्यावर दोन्ही खाती महिनाभर एकमेकांना कागद पाठवत बसायची.

गार्डाच्या बाबतीत एक गंमत होती. त्याची लोखंडी पेटी असायची, तिच्यात बत्त्या, झेंड्या, फटाके (रुळावर ठेवायचे धोक्याचे), नियमांची पुस्तकं. ती पेटी बॉक्सवाला पोर्टर डोक्यावरून नेऊन ब्रेकव्हॅनमध्ये (गार्डाच्या डब्यात) चढवायचा. यार्डातल्या लोकांचा कागदापेक्षा या पेटीवर जास्त भरवसा. पेटी चढली म्हणजे गाडी जाणार.

वाफेच्या काळात माणूस न मिळणं महागात पडायचं, कारण थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागतात. क्रूला कॉल जाण्याच्या कितीतरी आधी शेडमधल्या माणसांनी आग पेटवलेली असायची. ड्रायव्हर सापडला नाही तर इंजिन उभ्या उभ्या कोळसा खात राहणार. डिझेलचं तसं नाही, इलेक्ट्रिकचं तर अजिबात नाही. म्हणून जुन्या फोरमन लोकांचा कॉलच्या बाबतीतला तापटपणा पुढच्या पिढीला कळत नसे.

आता वहीबद्दल. बाहेरच्या लोकांना वाटतं कॉल बॉयचं काम झोपेतून उठवणं. उठवणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम सही आणणं. त्या सहीच्या क्षणापासून जबाबदारी शेडकडून ड्रायव्हरकडे जायची. वहीत रकाने असायचे: नाव, हुद्दा, गाडी, साइन ऑनची वेळ, कॉल दिल्याची वेळ, सही. समजा साडेबाराचा कॉल, आणि ड्रायव्हरने सहीपुढे 0.55 लिहिलं. म्हणजे त्याने सांगून ठेवलं की मला कॉल पंचवीस मिनिटं उशिरा मिळाला, आता मी अडीचला आलो नाही तर मला बोलू नका. हुशार ड्रायव्हर आधी घड्याळ बघायचा, मग पेन हातात घ्यायचा. कॉल बॉय म्हणायचा, "साहेब, साडेबाराच टाका ना, मी तर अर्ध्या तासापासून दार वाजवतोय." यावर दारातच वाद. चाळीतली निम्मी घरं जागी.

मध्यरात्रीचा घोळ वेगळाच. रात्री 23.40 ला दिलेला कॉल 1.40 च्या साइन ऑनसाठी असला की तारीख बदलते. झोपेत तारीख चुकीची पडली की कागदावर माणूस चोवीस तास लेट, नाहीतर चोवीस तास लवकर. विश्रांतीचे तास मोजताना या एका चुकीवर वाद उभे राहायचे. म्हणून रेल्वेवाले शून्य वाजून शून्य मिनिटं लिहायला कचरतात, 23.59 लिहितील नाहीतर 0.01.

ज्यांना लिहिता येत नसे ते अंगठा उठवायचे. पूर्वीच्या फायरमन मंडळींत असे बरेच होते. शाईचा पॅड बरोबर न्यायचा विसर पडला तर बत्तीच्या काचेवरची काजळी कामाला यायची.

घरच्यांनी सही केलेली चालायची नाही. बायको दारात येऊन "झोपलेत, सांगते" म्हणाली तर तो कॉल धरला जात नसे. माणूस स्वतः उठून दिसला पाहिजे. याचं एक कारण वाद टाळणं. दुसरं कारण कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, पण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. ड्यूटीच्या दोन तास आधी ड्रायव्हरला समोरासमोर बघणारा रेल्वेचा एकमेव माणूस म्हणजे कॉल बॉय. माणूस तापाने फणफणलाय, घरात भांडण झालंय, की दारूचा वास येतोय, हे त्याला बत्तीच्या उजेडात कळायचं. चांगला कॉल बॉय परत येऊन वही टेबलावर ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, "साहेब, आज यांना राहू द्या. पुढचं नाव काढा." आम्ही राहू द्यायचो. कागदावर काही यायचं नाही. आज लॉबीत फुंकून घेण्याचं यंत्र आहे, ते पक्कं काम करतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते यंत्र माणूस लॉबीत पोचल्यावर बोलतं, आणि ताप किंवा घरातलं मरण त्याला कळत नाही.

आजोबा ज्या वस्तीत राहत असतील तिची रचनासुद्धा कॉलमुळेच तशी होती. भुसावळचा नकाशा बघा. लोको शेड, यार्ड, आणि त्याला चिकटून चाळी. 'आगवाली चाळ' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. आगवाले म्हणजे इंजिनात आग राखणारे फायरमन. ड्रायव्हर-फायरमन शेडपासून चालत जाण्याच्या अंतरात राहिले नाहीत तर कॉल बॉय पोचणार कसा? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने इगतपुरी, भुसावळ, मनमाड, दौंड अशा ठिकाणी वसाहती बांधल्या, त्यात हा हिशेब होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बंगल्यांत, देशी फायरमन चाळीत. बंगल्याच्या व्हरांड्यात उभं राहून अदबीने हाक, चाळीत कडी खडखडवून. स्वातंत्र्यानंतर बंगल्यात राहणारी माणसं बदलली, कडी खडखडवणं तसंच राहिलं.

कॉलची हद्द ठरलेली असायची. तिच्या बाहेर स्वतःचं घर बांधलं तर कॉल बॉय येणार नाही. स्वतः शेडवर येऊन बोर्ड बघायचा, नाहीतर हद्दीतल्या कुणाचा पत्ता देऊन त्याच्या ओट्यावर झोपायचं. बांधलेल्या घरात बायकामुलं, आणि ड्रायव्हर मात्र मेहुण्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर, असे संसार मी पाहिलेत.

उन्हाळ्यात भुसावळला कॉल बॉयची परीक्षा असायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. चाळीतलं सगळं बिऱ्हाड अंगणात, ओळीने खाटा टाकून, डोक्यावरून चादर ओढून झोपलेलं. दारावर नंबर असतो, खाटेवर नसतो. चादर ओढायची ती बरोबर माणसाचीच ओढायची. परवाच बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला उठवून "चला, कॉल आहे" म्हटलं तर बोंबाबोंब. त्यामुळे जुना कॉल बॉय दिवेलागणीला चाळीतून एक चक्कर टाकून कोण कुठे झोपणार ते बघून ठेवायचा. कुणाचा कुत्रा चावरा, कुणाचं दार मागून वाजवलं तर लवकर उघडतं, कोण एका हाकेत उठतो आणि कोण उठून, सही करून, पुन्हा झोपतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. हा शेवटचा प्रकार सगळ्यात घातक. सही झालेली, वही शेडवर परत आलेली, आणि माणूस घोरतोय. अशांच्या बाबतीत कॉल बॉय दिवा लागेपर्यंत आणि स्टोव्हचा आवाज येईपर्यंत अंगणातून हलायचा नाही.

इगतपुरीची तऱ्हा उलटी. तिथे पाऊस. 1930 साली विजेची गाडी मुंबईहून इगतपुरीपर्यंत आली. पुढे भुसावळकडे कित्येक वर्षं वाफच. म्हणजे तिथे इंजिन बदलायचं, माणसं बदलायची, शिवाय थळ घाटाच्या 37 ला 1 चढावर मागून रेटा द्यायला बँकर इंजिनं आणि त्यांची माणसं. एवढ्याशा गावात एका रात्रीत किती कॉल निघत असतील याचा अंदाज करा. जुलै-ऑगस्टात तिथले कॉल बॉय वही मेणकापडात गुंडाळून पोटाशी धरायचे. अंग भिजलं तर चालेल, सही भिजली तर पुन्हा पायपीट.

घरातल्या बाईचा यात मोठा वाटा होता आणि त्याचा कुठे उल्लेख नसतो. पहिली हाक बहुतेक वेळा तिलाच ऐकू यायची. दोन तासांतला पाऊण तास तिचा: चूल किंवा स्टोव्ह, भाकऱ्या, कोरडी चटणी. डबा तीस-चाळीस तास टिकेल असा लागायचा, कारण माणूस कधी परत येईल हे कुणी सांगू शकत नसे. खानदेशात कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी हे डब्यात का दिसतं, ते यातून कळेल. तिकडे पोचल्यावर रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाच्या जागी, स्वैपाकी असायचा. शिधा आपला, रांधणार तो. म्हणून डब्याबरोबर पुरचुंडीत डाळ-तांदूळ, मीठ-मिरची, तेलाची लहान बाटली.

रनिंग रूममधला कॉलही वेगळा. तिथे घर शोधायचं नसतं, खाट शोधायची असते. पाटीवर खडूने लिहिलेलं असायचं: खाट क्रमांक, नाव, कितीला उठवायचं. दहा-बारा माणसं एका खोलीत, प्रत्येकाची वेळ निराळी. रनिंग रूमचा माणूस चवड्यांवर चालत यायचा आणि पायाच्या अंगठ्याला हात लावून उठवायचा. हाक मारली तर इतरांची झोप मोडते, आणि झोपमोड झालेला ड्रायव्हर पुढच्या सिग्नलला काय करेल याची खात्री नाही. ही साधी काळजी मला आजही मोठी वाटते.

"कॉल चुकला तर?" याचं उत्तर दोन भागांत. घरी कुलूप असेल, माणूस सापडला नाही, तर कॉल बॉय वहीत तसा शेरा मारायचा, शक्य असेल तर शेजाऱ्याची सही घ्यायचा. यादीतल्या पुढच्याला उठवलं जायचं. चुकलेल्याची पाळी गेली, म्हणजे त्या फेरीचा किलोमीटरचा भत्ता गेला, आणि वर लेखी खुलासा. रनिंग स्टाफच्या (गाडीवर जाणाऱ्या माणसांच्या) कमाईत या भत्त्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे सहसा कुणी मुद्दाम कॉल चुकवत नसे. अपवाद दिवाळीची पहिली आंघोळ, पोळा, घरातलं लग्न. त्या दिवशी यादीतली वरची माणसं एकाएकी गावातून नाहीशी व्हायची. कॉल बॉयच्या हातावर चहा-फराळ ठेवून "मी सापडलो नाही असं सांग" हेही चालायचं, आणि बुकिंगवर बसलेल्याला ते कळायचंही. प्रत्येक वेळी डोळे वटारले तर पुढच्या अडचणीच्या रात्री कुणी उपयोगी पडणार नाही, आणि कधीच वटारले नाहीत तर यादीला अर्थ राहत नाही. किती सोडायचं याचा अंदाज खिडकीवर काही वर्षं घालवल्यावर येतो.

दुसरा भाग आजाराचा. कॉल येण्याआधी सिक रिपोर्ट केला तर तो आजार. कॉल आल्यावर पोट दुखायला लागलं तर तो संशय. मेमो घेऊन रेल्वेच्या दवाखान्यात जायचं, डॉक्टर ठरवणार. यात खरोखर आजारी माणसांवर अन्याय झालाय. रात्री एकला छातीत कळ आलेल्या माणसाला आधी आपण खोटं बोलत नाही हे सिद्ध करावं लागायचं.

विश्रांतीचं गणित हा सगळ्यात जुना वाद. मुख्यालयी, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या ठिकाणी, परत आल्यावर आठ तास किंवा जास्त ड्यूटी झाली असेल तर सोळा तास, त्यापेक्षा कमी असेल तर बारा तास विश्रांती, असा नियम. आता सांगा, कॉलचे दोन तास या सोळा तासांत धरायचे की बाहेर? खात्याची ओढ अशी की चौदाव्या तासाला कॉल द्यावा, म्हणजे सोळा पूर्ण होताच माणूस हजर. ड्रायव्हर म्हणणार, दार वाजलं तिथे माझी विश्रांती संपली. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा, तरी ड्रायव्हरचं म्हणणं मला बरोबर वाटत आलंय. आणि दार वाजलं नाही तरी 'आता वाजेल, मग वाजेल' म्हणून पडून राहणं ही झोप नव्हे. 1989 च्या रेल्वे कायद्यात रनिंग स्टाफला महिन्यातून किमान चार वेळा सलग तीस तास किंवा पाच वेळा सलग बावीस तास विश्रांती, आणि तीही एक पूर्ण रात्र धरून, असं कलम आहे. पूर्ण रात्र हे शब्द कायद्यात घालावे लागले, यावरून बाकीच्या रात्री कशा जात असतील ते ओळखा.

निघण्याची वेळ जशी अनिश्चित, तशी परतण्याचीही. वाफेच्या काळात चौदा-सोळा तास फूटप्लेटवर (इंजिनातल्या उभं राहायच्या जागेवर) उभं राहणं नवलाचं नव्हतं. 1973 च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग स्टाफने देशभर संप केला, तो मुख्यतः यावरच. दहा तासांची मर्यादा तेव्हा सरकारने मान्य केली; प्रत्यक्षात उतरायला पुढे बराच काळ गेला. मग 1974 च्या 8 मेपासून वीस दिवसांचा मोठा संप. त्या दिवसांत वसाहतींमध्ये पोलीस शिरले, क्वार्टर खाली करण्याच्या नोटिसा लागल्या. कामावर ओढून नेतील म्हणून माणसं घर सोडून गावी, शेतावर जाऊन राहिली. ज्या पत्त्यावर कॉल यायचा त्याच पत्त्यावर तेव्हा पोलीस येत होते. तुमच्या आजीला विचारण्याची सोय असेल तर त्या मे महिन्याबद्दल जरूर विचारा.

दारावर न येणारा एक कॉलही होता: शेडचा भोंगा. अपघात झाला की सबंध गावाला ऐकू जाईल असा भोंगा वाजायचा. लांब भोंगे किती वाजले यावरून अपघात यार्डातच आहे की बाहेर कुठे लाइनवर ते कळायचं, आणि शेवटी एक आखूड आला तर मेडिकल व्हॅनही हवी आहे. ब्रेकडाउनची माणसं (घसरलेले डबे उचलणारी), डॉक्टर, ड्रेसर जेवणाच्या ताटावरून उठायचे. मेडिकल गाडीला दोन्ही बाजूंनी वाट असेल तर पंधरा मिनिटांत आणि ब्रेकडाउनच्या गाडीला दिवसा तीस, रात्री पंचेचाळीस मिनिटांत बाहेर पडायचं, असं बंधन. त्या रात्री बाया दारात उभ्या राहून भोंगे मोजायच्या. जिचा नवरा लाइनवर गेलेला असेल तिला आकडा कळल्यावर कुणी काही विचारत नसे.

ही सगळी पद्धत आपल्याकडे आली इंग्लंडातून, ड्रायव्हर आणि इंजिनांबरोबरच. तिथल्या शेडमध्ये इंजिनं पुसणाऱ्या पोरांना रात्री ड्रायव्हर उठवायला पाठवत. गिरण्यांच्या गावात तर पैसे घेऊन, लांब काठीने माडीच्या खिडकीवर टकटक करून कामगारांना उठवणारी माणसं होती. अमेरिकेतही कॉल बॉय होते आणि ते खरोखरच पोरसवदा होते. तिथल्या पोरांना ड्रायव्हर घरी सापडला नाही तर दारूचे गुत्ते, न्हाव्याची दुकानं, खाणावळी पालथ्या घालाव्या लागत. 1872 मध्ये क्लीव्हलँडला वायएमसीएने रेल्वेवाल्यांसाठी केंद्र सुरू केलं, पुढे अशी गावोगाव निघाली. त्यात रेल्वेचा स्वार्थही होता: माणूस गुत्त्याऐवजी स्वच्छ खाटेवर असला की शोधायला सोपा आणि शुद्धीवर असण्याची शक्यता जास्त. 1907 च्या कायद्याने तिथे सलग सोळा तासांची मर्यादा आली, 1969 च्या दुरुस्तीने ती टप्प्याटप्प्याने बारावर आली. आणि आज? तिथले मालगाडीवाले अजूनही फोनवर दीड-दोन तासांच्या नोटिशीने निघतात. 2022 मध्ये तिथे देशव्यापी संप होता होता राहिला, त्यात पगारी आजारी रजा आणि सदैव कॉलवर असण्याची सक्ती हेच मुद्दे पुढे होते.

आपल्याकडे कॉल बॉय एका दिवसात गेला नाही. आधी काही घरांत रेल्वेचे फोन आले, मग शेजारच्या दुकानातला फोन नंबर बुकिंगच्या वहीत चढला, मग मोबाईल. खात्याने क्रू लोकांना सीयूजी (खात्याच्या गटातले मोबाईल) नंबर दिले आणि क्रिस या रेल्वेच्याच काँप्युटर संस्थेने बनवलेली क्रू मॅनेजमेंट सिस्टीम आली. आता यादी काँप्युटर लावतो, कॉलचा मेसेज जातो, माणूस लॉबीत येऊन यंत्रावर साइन ऑन करतो, फुंकतो, कॉशन ऑर्डर (कुठे गाडी हळू न्यायची याचा कागद) घेतो. ड्रायव्हरचा लोको पायलट झाला, 2022 मध्ये गार्डाचा ट्रेन मॅनेजर. माणूस पाच किलोमीटरवर राहिला तरी चालतं. तरी फोन उचलला नाही, बंद लागला, नेटवर्क नव्हतं, हे सगळे वाद जुन्या 0.55 च्या वादाचेच नातू. फक्त आता वेळ ड्रायव्हर लिहीत नाही, यंत्र लिहितं, आणि यंत्राशी दारात उभं राहून भांडता येत नाही.

आता तुमच्या आजोबांपुरतं. त्यांच्या सहीची कॉल बुकं मिळतील ही आशा सोडा. अशा वह्या ठरावीक मुदत संपली की रद्दीत जातात. कुणी घरी नेऊन ठेवलं असेल तरच एखादं पान मिळतं. सर्व्हिस शीट मात्र डिव्हिजनच्या कार्मिक विभागात असू शकते: भरती, क्लीनर ते फायरमन अशा बढत्या, बदल्या, शिक्षा, सगळं त्यात असतं. अर्ज करताना पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ क्रमांक, त्यांचं पूर्ण नाव आणि निवृत्तीचं वर्ष द्या. शिक्षेच्या रकान्यात 'कॉल चुकवला' असं काही दिसलं तर तारीख पंचांगाशी ताडून बघा. बहुतेक दिवाळी निघेल.